एकच फोटो, दोन निर्णय

2007 च्या एप्रिलमध्ये इस्रायलच्या मोसाद या गुप्तचर संस्थेचे प्रमुख मेइर दगान वॉशिंग्टनला गेले, ते काही छायाचित्रं घेऊन. ही छायाचित्रं उपग्रहातून घेतलेली नव्हती. कुणीतरी इमारतीच्या आत उभं राहून ती काढली होती. सीरियाच्या पूर्वेला, दैर अझ-झोरच्या ओसाड पट्ट्यात, युफ्रेटिस नदीजवळ अल-किबर इथे एक चौकोनी इमारत उभी राहत होती. सीआयएला ती उपग्रहातून आधीच दिसली होती, पण वरून दिसायचा तो फक्त एक मोठा ठोकळा. भोवती विमानविरोधी तोफा नाहीत, डोळ्यांत भरेल असा बंदोबस्त नाही. एखादं गोदामही असू शकलं असतं. दगान यांच्या फोटोंत त्या ठोकळ्याच्या पोटातलं दिसत होतं. काँक्रीट ओतण्याआधीचं पोलादी अस्तर होतं, आणि भट्टीच्या माथ्यावर इंधनकांड्या सोडण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांची मांडणीही. ती मांडणी उत्तर कोरियाच्या योंगब्योन अणुभट्टीशी जुळत होती. एका फोटोत सीरियाच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख आणि योंगब्योनच्या इंधन कारखान्याचे प्रमुख शेजारी शेजारी उभे होते.

हेरगिरीच्या धंद्यात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो. तरीही तो पाहून अमेरिकेने हल्ला करायला नकार दिला, आणि तोच पुरावा धरून इस्रायलने पाच महिन्यांत ती इमारत जमीनदोस्त केली. माझ्या मते दोघांपैकी कुणीही वेडेपणा केला नाही. एकाच पुराव्यावरून दोन शहाणी माणसं उलट निर्णयांवर कशी पोहोचतात, हे कळलं तर युद्धाच्या बातम्या वाचण्याची आपली रीतच बदलते.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की खबर एकतर पक्की असते नाहीतर कच्ची. पक्की असेल तर सरकार कारवाई करतं, कच्ची असेल तर थांबतं, आणि कच्ची असूनही कारवाई केली तर सरकार खोटारडं. प्रत्यक्षात एक खबर कधीच एकटी नसते, तिच्या पोटात चार-पाच प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगवेगळ्या पक्केपणाचं असतं.

सीआयएचे तेव्हाचे प्रमुख मायकेल हेडन यांनी अल-किबरबद्दल नेमके हे प्रश्न सुटे केले. ही अणुभट्टी आहे का? खात्री मोठी. सीरिया आणि उत्तर कोरिया यांचं या क्षेत्रात सहकार्य आहे का? खात्री मोठी. ही भट्टी उभारायला उत्तर कोरियाने मदत केली का? मध्यम. आणि हा अण्वस्त्र बनवण्याच्या कार्यक्रमाचा भाग आहे का? कमी.

चौथं उत्तर ऐकून कुणीही चक्रावेल. त्या इमारतीतून वीज वाहून नेणाऱ्या तारा निघत नव्हत्या. संशोधनासाठी या जातीची भट्टी सोयीची नाही. जगापासून लपवून, उत्तर कोरियाच्या मदतीने, वाळवंटात अशी भट्टी कुणी बांधत असेल तर ती बॉम्बला लागणाऱ्या प्लुटोनियमसाठीच, दुसरं काय? हेडन यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. पण भट्टीत तयार झालेलं प्लुटोनियम जळालेल्या इंधनात मिसळलेलं असतं. ते वेगळं काढायला रासायनिक प्रक्रियेचा स्वतंत्र कारखाना लागतो. तो कुठे सापडला नव्हता. बॉम्बचा आराखडा करणारा गट लागतो, त्याचाही माग नव्हता. तर्क बॉम्बकडे बोट दाखवत होता, पुरावा भट्टीपाशी येऊन थांबत होता. सुतावरून स्वर्ग गाठायचा मोह इथे प्रचंड होता, आणि हेडन यांनी तो टाळला.

‘खात्री कमी’ म्हणजे ‘शक्यता कमी’ नव्हे, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखादी गोष्ट घडलेली असण्याची शक्यता किती, हा एक अंदाज. तो अंदाज ज्या माहितीवर उभा आहे ती किती भक्कम, हे वेगळं मोजमाप. सीरियाला बॉम्ब हवा असण्याची शक्यता भरपूर होती. ते सांगणारा पाया मात्र तकलादू होता. नेत्याला ही दोन्ही मापं वेगवेगळी सांगावी लागतात आणि बहुतेक वेळा ती एकातच कालवली जातात.

हा घोळ जुना आहे. 1951 मध्ये सीआयएच्या एका अहवालात म्हटलं होतं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचा हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे. अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांना नंतर कुणीतरी विचारलं, गंभीर म्हणजे किती? ते म्हणाले, शंभरात 65. विचारणारा हबकला, कारण त्याने त्याहून बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्या सहकाऱ्यांनाच विचारलं. एकाच मजकुराला संमती देणाऱ्या त्या मंडळींच्या मनातले आकडे 20 पासून 80 पर्यंत पसरलेले निघाले. सगळ्यांचं एकमत झालं होतं, फक्त कशावर झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. केंट यांनी पुढे प्रत्येक शब्दाला आकडा जोडण्याचा आग्रह धरला. पण आकडे दिल्याने प्रश्न सुटतोच असं नाही. 2011 मध्ये अबोटाबादच्या त्या घरात ओसामा बिन लादेन आहे का, याबद्दल ओबामांसमोर 40 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंतचे अंदाज आले. ऐकून घेऊन ते म्हणाले की शेवटी हे फिफ्टी-फिफ्टीच आहे.

आता इराककडे वळायला हवं, कारण 2007 मध्ये वॉशिंग्टनमधल्या प्रत्येक खोलीत इराकची सावली होती.

2002 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर संस्थांनी मिळून इराकवर एक अंदाज-अहवाल तयार केला. सिनेटमध्ये युद्धाच्या ठरावावर मतदान तोंडावर आलं होतं, त्यामुळे एरवी महिनोन् महिने चालणारं काम जेमतेम तीन आठवड्यांत उरकलं गेलं. सुमारे 90 पानांच्या त्या अहवालाचा सूर ठाम होता: सद्दामकडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत, आणि तो अणुकार्यक्रम पुन्हा उभा करतो आहे. असहमती आतल्या पानांत आणि तळटिपांत होती. बहुतेक सिनेटर तिथवर पोहोचलेच नाहीत.

त्यातली एक गोष्ट जवळून पाहू. इराकने उच्च दर्जाच्या ॲल्युमिनियमच्या हजारो नळ्या परदेशातून मागवल्या होत्या. 2001 मध्ये त्यांचा माल जॉर्डनमध्ये पकडला गेला. सीआयएचं म्हणणं, या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या, म्हणजे त्यातला बॉम्बला लागणारा भाग वाढवणाऱ्या, सेंट्रिफ्यूज यंत्राच्या फिरत्या दंडगोलासाठी आहेत. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यात आयुष्यभर सेंट्रिफ्यूज बनवलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी नळी हातात घेतली आणि मान हलवली. व्यास अरुंद, भिंत जाड, लांबी जास्त. सेंट्रिफ्यूज करायचाच असेल तर ही नळी पुष्कळ कापावी-घासावी लागेल. उलट तिचा 81 मिलिमीटरचा व्यास इराकी सैन्य वर्षानुवर्षं वापरत असलेल्या एका रॉकेटच्या मापाचा होता. इतकं साधं उत्तर समोर असताना अहवालात जिंकला तो सेंट्रिफ्यूजचा पक्ष, आणि सप्टेंबर 2002 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवरून सांगून मोकळ्या झाल्या होत्या की या नळ्या खरोखर सेंट्रिफ्यूजलाच योग्य आहेत. शंकेचा धूर निघेपर्यंत थांबलो तर तो धूर अणुस्फोटाचाही असू शकेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

या रोखात एक फसवी चलाखी आहे. पुरावा कमी असणं हेच कारवाईचं कारण बनतं. ज्याला सिद्ध करता येत नाही तेच सर्वांत भयंकर, असं एकदा मानलं की मग पुराव्याची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट ‘कर्व्हबॉल’ची. हे एका इराकी रसायन अभियंत्याचं टोपणनाव. तो जर्मनीत आश्रयाला आला होता आणि जर्मन गुप्तचरांना सांगत होता की सद्दामने ट्रकवर फिरत्या जैविक प्रयोगशाळा बसवल्या आहेत. जर्मनांनी अमेरिकनांना त्याची थेट चौकशी करू दिली नाही, फक्त त्याचं म्हणणं लेखी पाठवत राहिले. त्या कागदांतून अमेरिकेत जवळजवळ शंभर अहवाल तयार झाले. स्थळ पाहताना चार घरांतून ‘मुलगा चांगला आहे’ असं कानावर यावं, आणि नंतर कळावं की चारही घरांनी ते एकाच मावशीकडून ऐकलं होतं, तशातली ही गत. शंभर अहवालांचं वजन शंभर साक्षीदारांचं वाटलं, साक्षीदार एकच होता. ट्रक जिथून आत-बाहेर जातात असं तो सांगायचा तिथे आडवी भिंत होती. ती उपग्रहाच्या फोटोंत दिसत होती. तरी अर्थ असा काढला गेला की इराकने दिशाभूल करायला काहीतरी केलं असावं. 2011 मध्ये त्याने स्वतःच जाहीरपणे कबूल केलं की सद्दामला हटवायचं होतं म्हणून आपण हे रचलं.

5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत याच ट्रकांची चित्रं घेऊन बोलले. आपण मांडतो आहोत ते भक्कम माहितीवर आधारलेलं आहे, असं त्यांनी बजावून सांगितलं. त्यांचा वैयक्तिक प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण ‘खात्री किती’ हे लिहिलेले शेरे खालून वर येताना प्रत्येक पायरीवर गळत गेले, आणि परिषदेत पोहोचली ती निव्वळ विधानं.

मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांचे शस्त्र-निरीक्षक इराकमध्ये परतले होते. नोव्हेंबर 2002 च्या अखेरीपासून हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने 700 हून अधिक तपासण्या केल्या. अमेरिकेने सुचवलेल्या जागाही त्यांनी पाहिल्या, आणि शस्त्रसाठे काही सापडेनात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल बारादेई यांनी 7 मार्च 2003 ला सुरक्षा परिषदेत सांगितलं की इराकने नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं बनावट आहेत आणि त्या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी असल्याचं दिसत नाही. 20 मार्चला युद्ध सुरू झालं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हे. चुकीचा अंदाज करणं हा गुन्हा नाही, अंदाजच तो. पण इथे दर आठवड्याला नवी माहिती हातात येत होती, फुकटात, आणि ती जुन्या अंदाजाच्या विरोधात जात होती. अशा वेळी थांबण्याची किंमत काय आणि थांबून मिळणाऱ्या माहितीचं मोल काय, एवढाच हिशेब करायचा असतो. तो झाला नाही, कारण फौजा आखातात जाऊन बसल्या होत्या आणि उन्हाळा जवळ येत होता. वेळापत्रक सैन्याचं होतं. लंडनमध्ये तर जुलै 2002 मध्येच, वॉशिंग्टनहून परतलेले ब्रिटनचे गुप्तचरप्रमुख पंतप्रधानांच्या बैठकीत सांगत होते की तिकडे माहिती आणि तथ्यं धोरणाभोवती बसवली जात आहेत. त्या बैठकीचं टिपण नंतर फुटलं, म्हणून आपल्याला कळलं.

युद्धानंतर इराक पिंजून काढणाऱ्या अमेरिकी पथकाला शस्त्रांचे साठे मिळाले नाहीत. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने 2005 मध्ये लिहिलं की युद्धापूर्वीचे गुप्तचर संस्थांचे जवळजवळ सगळे निष्कर्ष साफ चुकले होते. विश्लेषकांवर राजकीय दबाव आल्याचा पुरावा सापडला नाही, असंही त्याच आयोगाने म्हटलं. ते तांत्रिकदृष्ट्या खरं असेल. पण वरच्या साहेबाला काय ऐकायला आवडतं हे ज्या कचेरीत सगळ्यांना माहीत असतं तिथे दबाव वेगळा आणावा लागत नाही, हे सांगायला आयोग कशाला हवा?

चुकीची मुळं आणखी मागे जातात. 1991 च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक इराकमध्ये गेले तेव्हा सद्दामचा अणुकार्यक्रम सीआयएच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला. तेव्हा कमी लेखल्याची बोच मनात राहिली आणि बारा वर्षांनी तेच लोक जास्त लेखून बसले. सद्दामचं वागणंही कोड्यात टाकणारं होतं. शस्त्रं नाहीत तर सरळ दारं उघडून दाखवत का नाही? पकडला गेल्यावर त्याने एफबीआयच्या अधिकाऱ्याला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की त्याला खरी भीती इराणची होती, आणि आपली मूठ झाकलेलीच राहावी असं त्याला वाटत होतं. बगदादच्या जागी स्वतःला ठेवून विचार करणाऱ्या वॉशिंग्टनच्या माणसाला हे सुचलंच नाही.

समोरचाही आपल्यासारखाच विचार करील असं मानण्याच्या या दोषाचा फायदा एकदा आपल्यालाही झालेला आहे. 11 मे 1998 ला पोखरणमध्ये अणुचाचण्या झाल्या आणि सीआयएला बातम्यांतून कळलं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत होते, खोदकाम रात्री चालायचं आणि उजाडण्यापूर्वी यंत्रं मूळ जागी आणून ठेवली जायची, म्हणजे उपग्रहाला कालच्यासारखंच सगळं दिसावं. हे कौशल्य खरंच. पण सीआयएने नेमलेल्या ॲडमिरल जेरमाया यांनी चौकशीत बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. विश्लेषकांनी धरून चाललं होतं की दिल्लीतले नेतेही आपल्यासारखाच विचार करतील, निर्बंधांची किंमत लक्षात घेतील आणि थांबतील. भाजपने तर अण्वस्त्रांचा विचार जाहीरनाम्यातच मांडला होता. गुपित चोरायला निघालेल्यांनी छापील कागद वाचला नाही!

आता पुन्हा 2007.

दगान यांचे फोटो राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या टेबलावर आले तेव्हा इराकमध्ये अमेरिकेचे दीड लाखाच्या आसपास सैनिक अडकलेले होते आणि युद्धाचं मूळ कारण खोटं निघालेलं होतं. दुधाने पोळलेलं तोंड होतं, ताक फुंकणारच. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा आग्रह होता की अमेरिकेनेच ही भट्टी उडवावी. सीरियाला धडा, उत्तर कोरियाला इशारा, इराणलाही संदेश. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स विरोधात होते. चिथावणी नसताना, आधी राजनैतिक मार्ग न चोखाळता एका देशावर अचानक हल्ला करायचा आणि पुरावा म्हणून पुन्हा आपल्याच गुप्तचरांचा अहवाल पुढे करायचा, तर इराकनंतर जग ऐकून घेईल का? राइस तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या, आणि पाच वर्षांपूर्वी टीव्हीवर धुराची भीती घालणाऱ्या याच बाई आता संयमाच्या बाजूने होत्या. चेनींनी नंतर लिहिलंय की एका बैठकीत त्यांचं बोलून झाल्यावर बुश यांनी विचारलं, उपराष्ट्राध्यक्षांशी इथे कोण सहमत आहे? एकही हात वर झाला नाही.

जुलैमध्ये बुश यांनी इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांना फोन केला. माझ्या गुप्तचर संस्था ‘हा शस्त्रकार्यक्रम आहे’ असं उभं राहून सांगत नाहीत तोवर एका सार्वभौम देशावरच्या हल्ल्याचं समर्थन मला करता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हेडन यांच्या चौथ्या उत्तरावर निर्णय लटकला. मार्ग सुचवला तो असा: भट्टीची बातमी जगापुढे आणायची, अणुऊर्जा संस्थेला आत शिरवायचं, सीरियाचा तेव्हाचा राज्यकर्ता असद याच्यावर दबाव आणायचा. ओल्मर्ट नाराज झाले आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ओल्मर्ट यांचा हिशेब वेगळा का होता? पुरावा तोच असला तरी चुकीची किंमत दोघांसाठी सारखी नव्हती. निर्णय घेताना दोन प्रकारच्या चुका समोर असतात. धोका नसताना हल्ला करणं ही एक, धोका असताना हातावर हात ठेवून बसणं ही दुसरी. अमेरिकेसाठी पहिली चूक ताजी आणि भळभळती होती, आणि दुसरी घडली तरी सीरियाचा एखादा बॉम्ब अमेरिकेच्या अस्तित्वावर उठणार नव्हता. इस्रायल हा शेजारी, आकाराने मराठवाड्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि सीरियाशी कागदोपत्री 1948 पासून युद्धात. त्यांच्या लेखी दुसरी चूक एकदाच होऊ शकते. म्हणून इस्रायलने हेडन यांचा चौथा प्रश्न विचारलाच नाही. त्यांचा प्रश्न होता, ही भट्टी आहे का? हो. मग पुरे.

दुसरा फरक घड्याळाचा. भट्टी एकदा पेटली, इंधन किरणोत्सर्गी झालं, की मग तिच्यावर बॉम्ब टाकणं म्हणजे युफ्रेटिसच्या पाण्यात विष कालवणं. ती नदी पुढे इराकमध्ये जाते. 2007 च्या ऑगस्टपर्यंत भट्टी पूर्णत्वाला आल्याची चिन्हं दिसत होती. इराकमध्ये थांबलं असतं तर काही बिघडत नव्हतं, तिथलं घड्याळ सैन्याने लावलेलं होतं. इथे थांबण्याचा पर्यायच थोड्या आठवड्यांत नाहीसा होणार होता. ‘आता नाही तर कधीच नाही’ हे वाक्य प्रत्येक युद्धखोराच्या तोंडी असतं, त्यामुळे ते ऐकलं की मी आधी संशयच घेतो. पण कधीकधी ते भौतिकशास्त्राने बोललेलं असतं.

5 सप्टेंबरच्या रात्री आठ विमानं निघाली आणि मध्यरात्रीनंतर अल-किबर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर इस्रायल गप्प बसला. अवाक्षर नाही. कारण असं की असदची जाहीर नाचक्की झाली नाही तर त्याला बदला घ्यावा लागणार नाही. ही अटकळ बरोबर ठरली. सीरियाने आधी सांगितलं की शत्रूची विमानं वाळवंटात दारूगोळा टाकून पळाली, मग म्हटलं की वापरात नसलेली एक लष्करी इमारत पडली. महिन्या-दोन महिन्यांत तिथले अवशेषही साफ करून माती टाकली आणि पुढे वर नवी इमारत उभी केली. इस्रायलने हल्ल्याची अधिकृत कबुली दिली ती मार्च 2018 मध्ये. हल्ल्याचं लष्करी यश सगळे सांगतात. मला विचाराल तर अवघड काम होतं ते साडेदहा वर्षं फुशारकी न मारण्याचं.

अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक जून 2008 मध्ये तिथे गेले, त्यांना युरेनियमचे कण सापडले, आणि मे 2011 च्या अहवालात संस्थेने म्हटलं की नष्ट झालेली इमारत बहुधा अणुभट्टीच होती. पुढे 2014 मध्ये त्या सगळ्या प्रदेशावर आयसिसने कब्जा केला. तेव्हापासून हा हल्ला दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितला जातो. इथे जरा थांबून पाहावं. 2007 मध्ये आयसिस काय करील हे ओल्मर्ट यांना माहीत नव्हतं, आणि नंतरच्या घटनांनी आधीचा निर्णय शहाणा ठरत नाही. असदने त्या रात्री क्षेपणास्त्रं सोडली असती तर त्याच निर्णयाला आपण उतावीळपणा म्हटलं असतं, पुरावा तोच राहूनही.

कायद्याचाही प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत स्वसंरक्षणाची मुभा आहे ती सशस्त्र हल्ला झाल्यावर. फार तर, हल्ला अगदी उंबरठ्यावर असेल तर, असं बरेच कायदेपंडित मानतात. पाच-दहा वर्षांनी धोका होऊ शकेल म्हणून आज मारणं या चौकटीत बसत नाही. 7 जून 1981 ला इस्रायलने बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली तेव्हा सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला होता, अमेरिकेच्या मतासह. त्या हल्ल्याने इराकचा कार्यक्रम संपला, की उलट तो भूमिगत होऊन फोफावला, यावर अभ्यासक आजही भांडतात. 1991 मध्ये निरीक्षकांना सापडलेला अवाढव्य कार्यक्रम हा दुसऱ्या पक्षाचा मोठा आधार आहे.

हल्ल्याच्या हिशेबात एक खर्च सहसा धरलाच जात नाही, तो म्हणजे माहितीचा. डिसेंबर 1998 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर चार दिवस बॉम्बफेक केली. त्याआधी निरीक्षक बाहेर पडले आणि पुढची जवळजवळ चार वर्षं परतले नाहीत. 2002 चा तो चुकलेला अहवाल लिहिणाऱ्यांकडे आतली ताजी माहिती नव्हती, ती याचमुळे. जुन्या फायली, पळून आलेले लोक आणि वरून काढलेले फोटो, एवढ्यावर काम चाललं होतं. कर्व्हबॉलसारख्याला भाव आला तो या दुष्काळात.

2025 मध्ये हेच पुन्हा समोर आलं. मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक तुलसी गबार्ड यांनी संसदेसमोर सांगितलं की इराण सध्या अण्वस्त्र बनवत नाही असं संस्थांचं मत आहे. त्याच वेळी इराणकडचा 60 टक्के समृद्ध युरेनियमचा साठा वाढत होता. मेच्या अहवालात अणुऊर्जा संस्थेने तो 400 किलोच्या वर असल्याचं नोंदवलं. बॉम्बसाठी साधारण 90 टक्के लागतं, आणि तिथून तिथवरचा टप्पा छोटा असतो. म्हणजे क्षमतेबद्दल फारशी शंका नव्हती, इराद्याबद्दल होती. अल-किबरला होती तीच फट. 13 जूनला इस्रायलने हल्ले सुरू केले, 22 जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. गबार्ड यांच्या साक्षीबद्दल विचारल्यावर ट्रम्प यांनी ती उडवून लावली होती. हल्ल्यानंतर ते म्हणाले सगळं नेस्तनाबूत झालं, तर त्यांच्याच संरक्षण खात्याच्या एका प्राथमिक अंदाजात कार्यक्रम काही महिनेच मागे गेल्याचं म्हटलं होतं.

जुलैमध्ये इराणने अणुऊर्जा संस्थेशी सहकार्य थांबवलं आणि निरीक्षक देशाबाहेर पडले. हल्ल्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तो 400 किलोचा साठा किलोकिलोने मोजला जात होता. त्यानंतर तो नेमका कुठे आहे, ढिगाऱ्याखाली की आणखी कुठे हलवलेला, याचा पडताळा संस्थेला करता येईना. पुढच्या वेळी कुणा नेत्यापुढे इराणबद्दलचा अंदाज ठेवला जाईल तेव्हा तो उपग्रहाच्या फोटोंवर आणि पळून आलेल्या माणसांच्या सांगण्यावर आणखी जास्त टेकलेला असेल.